प्रयोगशाळेतले हातमोजे: गोव्यातले विद्यार्थी, पालक आणि लॅबमधली मंडळी वारंवार विचारतात ते प्रश्न

हे पान अकरावी-बारावीची प्रॅक्टिकल्स करणाऱ्या मुलांपासून वेर्ण्याच्या औषध कंपनीत पाळीवर जाणाऱ्या केमिस्टपर्यंत सगळ्यांसाठी आहे. मी गोव्यातच प्रयोगशाळा सांभाळते. जे प्रश्न रोज कानावर येतात, तेच इथे घेतले आहेत. सगळ्या उत्तरांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: हातमोजा आपल्याला वेळ देतो. किती वेळ, ते मोजा कशाचा आहे आणि हातात काय आहे यावर ठरतं. हे माहीत नसलेला माणूस मोजे घालून जास्त बेफिकीर होतो आणि तिथेच घात होतो.

मोज्याला भोक नसेल तर रसायन आत शिरेलच कसं?

वाढदिवसाला आणलेला गॅसचा फुगा घट्ट गाठ मारून ठेवला तरी दुसऱ्या दिवशी मलूल होऊन खाली येतो. भोक कुठेच नसतं. वायूचे कण रबराच्या रेणूंमधून वाट काढत निघून गेलेले असतात. द्रव रसायनाचंही हेच होतं. ते मोज्याच्या बाहेरच्या बाजूला रबरात मुरतं, जाडीतून सरकत जातं आणि आतून त्वचेपर्यंत पोचतं. वरून पाहिलं तर मोजा कोरडा, धडधाकट दिसतो. थेंब पडल्यापासून रसायन आतल्या बाजूला मोजता येण्याइतकं पोचेपर्यंत जो वेळ जातो, त्याला ब्रेकथ्रू टाइम म्हणतात. काही जोड्यांमध्ये तो आठ तासांच्या वर असतो, काहींमध्ये मिनिटभरही नसतो.

याशिवाय आणखी दोन वाटा आहेत. एक म्हणजे सरळ भोक: नखाने, अंगठीने, काचेच्या कपचीने किंवा कारखान्यातूनच राहून गेलेलं. दुसरी म्हणजे मोज्याचं रबरच नासणं, म्हणजे ते फुगणं, चिकट होणं, कडक होऊन तडकणं. नासलेला मोजा निदान डोळ्यांना दिसतो. मुरून आत येणारं रसायन दिसत नाही, म्हणून मला त्याची जास्त धास्ती वाटते.

निळे नायट्राइल मोजे सगळ्याला चालतात ना?

नाही. नायट्राइल म्हणजे एक कृत्रिम रबर. गोव्यातल्या कुठल्याही लॅबमध्ये गेलात तर निळा खोकाच दिसतो आणि त्याच्यावर विश्वासही तितकाच असतो. रोजच्या कामाला तो मोजा खरंच चांगला आहे: पाण्यातली सौम्य आम्लं आणि अल्कली, तेलं, हेक्झेन, पेट्रोलियम ईथर, फॉर्मॅलिन, सिल्व्हर नायट्रेटसारखी डाग पाडणारी द्रावणं, रक्त-लघवीचे नमुने. पण तो जेमतेम ०.१ मिलिमीटर जाड असतो आणि काही द्रावकांपुढे त्याचं काहीच चालत नाही.

मी नव्या मुलांना एक साधा प्रकार करून दाखवते. निळ्या मोज्याच्या बोटाचा तुकडा कापायचा, पेट्री डिशमध्ये ठेवायचा आणि फ्यूम हूडखाली, म्हणजे वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात, त्यावर डायक्लोरोमिथेन हे द्रावक ओतायचं. बघता बघता तुकडा वळवळतो, कडा वर उचलल्या जातात, तो फुगून मोठा होतो. चिमट्याने उचलला तर लिबलिबीत लागतो आणि जरा ताणला की फाटतो. हे एकदा पाहिलेलं मूल डायक्लोरोमिथेन हाताळताना पातळ नायट्राइलवर विसंबत नाही.

अ‍ॅसिटोन, इथाइल अ‍ॅसिटेट अशा द्रावकांना ब्युटाइल रबराचे मोजे लागतात. वेर्णा, कुंडई, बेतोडा इथल्या औषध कंपन्यांमध्ये एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) काम करणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावं: मोबाइल फेज, म्हणजे त्या यंत्रातून वाहणारं द्रावण, बनवताना लागणारं अ‍ॅसिटोनायट्राइल पातळ नायट्राइलमधून फार लवकर आरपार जातं, ब्युटाइलमध्ये मात्र तासन् तास अडतं. मिथेनॉलचंही साधारण तसंच. हेक्झेन-पेट्रोलला उलट ब्युटाइल कुचकामी आणि नायट्राइल उत्तम. टोल्युइन, झायलीन, क्लोरोफॉर्म, डायक्लोरोमिथेन यांना पीव्हीए म्हणजे पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचे मोजे फार चांगले, पण ते पाण्यात विरघळतात. आपल्या दमट हवेत ते सांभाळणं हे वेगळंच काम होऊन बसतं. तीव्र नायट्रिक आम्लाला पातळ लॅटेक्स (झाडाच्या चिकाचं नैसर्गिक रबर) किंवा नायट्राइल कधीच नको, ते रबराशीच झगडतं. तिथे जाड ब्युटाइल किंवा निओप्रीन हे दुसरं कृत्रिम रबर घ्यावं. तीव्र सल्फ्युरिकलाही जाडच.

थोडक्यात, बाटली उचलण्याआधी मोजा बनवणाऱ्या कंपनीचा रासायनिक प्रतिकाराचा तक्ता बघायचा. सगळ्या मोठ्या कंपन्या तो तक्ता देतात. तक्ता त्याच मॉडेलचा हवा. एका कंपनीच्या नायट्राइलचे आकडे दुसरीच्या नायट्राइलला लागू पडतीलच असं नाही.

मग पातळ मोजे अ‍ॅसिटोनसाठी घालूच नयेत?

शिंतोड्यासाठी घालायला हरकत नाही. शिंतोडा उडाला की मोजा लगेच काढायचा, हात धुवायचा, नवा घालायचा. अ‍ॅसिटोनने भिजलेल्या मोज्यात काम चालू ठेवणं मात्र उघड्या हाताने करण्यापेक्षा वाईट. उघड्या हातावरचं अ‍ॅसिटोन उडून जातं. मोज्याच्या आत अडकलेलं जात नाही, ते त्वचेवरच राहतं.

हातमोजे पहिल्यांदा आले कुठून? डॉक्टरांकडून ना?

आले शस्त्रक्रियेच्या खोलीतून, पण कारण रसायनच होतं. हा इतिहास मला फार जवळचा वाटतो, म्हणून सविस्तर सांगते.

त्याआधी तुरळक प्रयत्न झाले होते. १७५८ मध्ये वाल्बाउम या जर्मन वैद्याने बाळंतिणीच्या तपासणीसाठी मेंढीच्या आतड्याचा मोजा वापरला होता. रबर माहीत होतं, पण कच्चं रबर उन्हात चिकट होतं आणि थंडीत कडक. चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये गंधक घालून रबर तापवण्याची युक्ती शोधली, १८४४ मध्ये त्याचं पेटंट घेतलं, आणि मग टिकाऊ रबरी वस्तू बनू लागल्या.

१८८९ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय उघडलं. तिथे विल्यम हॉलस्टेड हे शल्यचिकित्सक होते आणि त्यांच्या शस्त्रक्रियागृहाची जबाबदारी कॅरोलाइन हॅम्पटन या परिचारिकेवर होती. त्या काळी जंतू मारायला हात मर्क्युरिक क्लोराइडच्या द्रावणात बुडवत. पाऱ्याचं ते क्षार त्वचेला अतिशय जहाल. हॅम्पटनबाईंच्या हातांना आणि बाहूंना त्वचादाह झाला. त्या कामात फार निष्णात होत्या. त्यांनी काम सोडू नये म्हणून हॉलस्टेडनी गुडइयर रबर कंपनीकडून पातळ रबराचे, मनगटाच्या वरपर्यंत येणारे दोन जोड करून घेतले. १८९० मध्ये दोघांचं लग्नही झालं.

म्हणजे शस्त्रक्रियेतला रबरी मोजा जन्मला तो कामाच्या जागी वापरल्या जाणाऱ्या रसायनापासून एका बाईचे हात वाचवायला. रोग्याला जंतुसंसर्गापासून वाचवण्याचा विचार मागाहून आला. हॉलस्टेडचे शिष्य जोसेफ ब्लडगुड यांनी १८९६ पासून प्रत्येक शस्त्रक्रियेला मोजे घालायला सुरुवात केली आणि १८९९ मध्ये हर्नियाच्या साडेचारशेहून अधिक शस्त्रक्रियांचा हिशेब मांडला: जखम चिघळण्याचं प्रमाण सुमारे १७ टक्क्यांवरून २ टक्क्यांच्या आत आलं होतं.

त्या पाऱ्याच्या क्षाराचा गोव्याशी काय संबंध?

आहे, आणि चांगला जुना. लोहखनिजात लोह किती टक्के आहे हे ओल्या पद्धतीने मोजायचं तर खनिज हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवतात, स्टॅनस क्लोराइडने लोहाचं क्षपण करतात, उरलेलं स्टॅनस क्लोराइड संपवायला मर्क्युरिक क्लोराइड घालतात आणि मग पोटॅशियम डायक्रोमेटने टायट्रेशन करतात. जगभरातल्या खनिजाच्या प्रयोगशाळांची ही ठरलेली वाट होती. मुरगाव बंदरातून खनिज भरून जाणाऱ्या आपल्या गोव्यात हे काम करून हात तयार झालेले किती तरी केमिस्ट आहेत. हॅम्पटनबाईंचे हात ज्याने सोलवटले तेच हे रसायन. आता पाऱ्याऐवजी टायटॅनियम क्लोराइड वापरण्याची पद्धतही मान्य आहे आणि जिथे शक्य आहे तिथे तीच वापरावी. कोणी अजून जुन्या पद्धतीने करत असेल तर नायट्राइल मोजे घालावेत, आणि पाऱ्याचं सांडपाणी बेसिनमध्ये न ओतता वेगळ्या बाटलीत साठवावं.

एकदाच वापरून टाकायचे मोजे आणि नायट्राइल कधी आले?

पूर्वी रबरी मोजे धुऊन, सुकवून, पावडर लावून, वाफेवर निर्जंतुक करून पुन्हा पुन्हा वापरत. भोक पडलं तर ठिगळही लावत. वापरून टाकण्याचे मोजे ऑस्ट्रेलियाच्या अ‍ॅन्सेल कंपनीने १९६० च्या दशकाच्या मध्यावर बाजारात आणले.

कृत्रिम रबरं त्याच्या आधीच तयार होती. १९३० च्या दशकात अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीने निओप्रीन काढलं, जर्मनीत नायट्राइल रबर तयार झालं, १९३७ मध्ये ब्युटाइल आलं. ही रबरं बनली ती तेल, इंधन, होजपाइप, टायरच्या ट्यूब यांच्या गरजेतून. हातासाठी नाजूक, पातळ नायट्राइल मोजा यायला १९९० चं दशक उजाडलं.

मधल्या काळात एड्स आला. १९८७ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने प्रत्येक रुग्णाचं रक्त संसर्गजन्य धरूनच वागा, अशी सूचना काढली आणि लॅटेक्स मोज्यांची मागणी एकदम वाढली. त्याबरोबर लॅटेक्सची अ‍ॅलर्जीही पसरली, आणि पर्याय म्हणून नायट्राइलला जागा मिळाली. २०२० मध्ये कोविडच्या वेळी मोज्यांचा तुटवडा झाला होता, ते सगळ्यांना आठवत असेल.

एका थेंबाने खरंच कोणाचा जीव गेला आहे का?

हो. कॅरन वेटरहान या अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजमध्ये रसायनशास्त्राच्या प्राध्यापक होत्या, विषारी धातूंच्याच अभ्यासक. १४ ऑगस्ट १९९६ ला त्या फ्यूम हूडखाली डायमिथाइल मर्क्युरी हे पाऱ्याचं जहाल विषारी संयुग हाताळत होत्या. पिपेटमधून थेंब-दोन थेंब त्यांच्या लॅटेक्स मोज्यावर पडले. त्यांनी काम उरकून मोजे काढले, हात धुतले. त्या वेळच्या सुरक्षेच्या नियमांप्रमाणे सगळं बरोबर होतं. काही महिन्यांनी तोल जाऊ लागला, बोलणं अडखळू लागलं, नजर अधू झाली. तपासणीत रक्तात पारा भयंकर प्रमाणात सापडला. ८ जून १९९७ ला त्या गेल्या, अवघ्या ४८ व्या वर्षी.

नंतर मोज्यांची चाचणी घेतली तेव्हा कळलं की हे रसायन लॅटेक्समधून १५ सेकंदांच्या आत पार होतं. त्यानंतर अशा रसायनांसाठी प्लास्टिकच्या थरांचा लॅमिनेट मोजा आत आणि त्यावर जाड निओप्रीन किंवा नायट्राइल, अशी जोडी सुचवली गेली. शक्यतो ते रसायनच वापरू नका, असंही सांगितलं गेलं. प्रत्येक लॅबमध्ये नवीन आलेल्या माणसाला ही हकिगत सांगितली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. वेटरहान निष्काळजी नव्हत्या. त्यांना मोज्याविषयी ती माहितीच कोणी दिलेली नव्हती, कारण तोवर ती कोणी मोजली नव्हती.

लॅटेक्स घातलं की हाताला खाज येते. अ‍ॅलर्जी म्हणायची का?

तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात. सगळ्यात जास्त आढळते ती साधी चुरचुर: घाम, साबण, पावडर यांनी त्वचा कोरडी पडून लाल होते. दुसरी म्हणजे रबर पक्कं करताना घातलेल्या थाययुराम, कार्बामेट अशा रसायनांची अ‍ॅलर्जी. ती एक-दोन दिवसांनी पुरळ उठवते, आणि ती रसायनं नायट्राइलमध्येही असतात, त्यामुळे नुसतं लॅटेक्स बदलून ती जात नाही. 'अ‍ॅक्सिलरेटर-फ्री' मोजे शोधावे लागतात. तिसरी आणि धोक्याची म्हणजे रबराच्या चिकातल्या प्रथिनांची अ‍ॅलर्जी. हिच्यात काही मिनिटांतच गांध्या उठतात, शिंका येतात, डोळे चुरचुरतात, क्वचित श्वास अडकतो. श्वास अडकला तर १०८ ला फोन करून थेट रुग्णालय.

केळी, पपई, किवी, अव्होकाडो खाल्ल्यावर तोंडात खाजत असेल तर डॉक्टरांना हे आवर्जून सांगा, कारण या फळांतली काही प्रथिनं रबराच्या प्रथिनांशी मिळतीजुळती असतात. मोयऱ्याची केळी आवडीने खाणाऱ्यांनी घाबरून जायचं काही कारण नाही. ज्यांना खाऊन त्रास होतो त्यांच्यासाठीच हे आहे. सत्तरी-सांग्याकडच्या रबराच्या बागांत चीक काढणाऱ्यांनाही हा त्रास सुरू झाला तर त्यांनी तो अंगावर काढू नये.

पावडरवाले मोजे सहज चढतात. ते का नकोत?

पावडर म्हणजे बहुधा मक्याचं पीठ. ते लॅटेक्सची प्रथिनं स्वतःला चिकटवून घेतं आणि मोजा ओढताना हवेत उडतं, म्हणजे शेजाऱ्यालाही त्रास. जखमेत गेलं तर गाठी करतं. अमेरिकेने जानेवारी २०१७ पासून वैद्यकीय वापरासाठी पावडरच्या मोज्यांवर बंदी घातली. लॅबमध्ये आणखी एक तोटा: ते पीठ नमुन्यात पडतं आणि सूक्ष्म मोजमाप बिघडवतं. आपल्याकडे पावडरचे मोजे अजूनही विकायला असतात. खरेदीची ऑर्डर देताना 'पावडर-फ्री' हे शब्द लिहायला विसरू नका.

खोक्यावर चंबूचं चित्र आणि खाली अक्षरं असतात, त्यांचा अर्थ काय?

ते आयएसओ ३७४ या मानकाचं चिन्ह. प्रत्येक अक्षर म्हणजे एक ठरलेलं रसायन: ए मिथेनॉल, बी अ‍ॅसिटोन, सी अ‍ॅसिटोनायट्राइल, डी डायक्लोरोमिथेन, एफ टोल्युइन, के ४० टक्के सोडियम हायड्रॉक्साइड, एल ९६ टक्के सल्फ्युरिक, टी ३७ टक्के फॉर्मॅल्डिहाइड, आणि अशी आणखी. टाइप ही मात्र मोज्याची वर्गवारी, रसायनाचं अक्षर नव्हे. टाइप ए म्हणजे किमान सहा रसायनांना प्रत्येकी ३० मिनिटं तरी अडवणारा. टाइप बी किमान तीन रसायनांना ३० मिनिटं. टाइप सी एकाच रसायनाला १० मिनिटं.

दोन गोष्टी मात्र खोका सांगत नाही. चाचणी साधारण २३ अंश सेल्सिअसला होते. आपला तळवा मोज्यात ३५ अंशांच्या आसपास असतो आणि तापमान वाढलं की रसायन लवकर मुरतं. शिवाय चाचणीतला मोजा स्थिर असतो, आपण बोटं वाकवतो, ताणतो. म्हणून छापलेला वेळ पूर्ण वापरायचा नसतो. मी निम्म्याच्याही आत मोजा बदलायला सांगते.

खोक्यावर फक्त 'मेडिकल एक्झामिनेशन' लिहिलं असेल आणि चंबू नसेल तर तो मोजा रसायनासाठी तपासलेलाच नाही, असं धरून चाला.

गोव्याच्या उकाड्यात हात नुसते घामाने भिजतात. काही उपाय?

एप्रिल-मे महिन्यात एसी नसलेल्या लॅबमध्ये पाव तासात मोज्यांच्या बोटांत पाणी साचतं. ओली त्वचा मऊ पडते आणि रसायन तिच्यातून जास्त सहज जातं, बोटांच्या बेचक्यांत बुरशीही होते. आत पातळ सुती मोजे घाला आणि ओले झाले की बदला. घाम आला म्हणून मोजे अर्धे काढून, फुंकर मारून पुन्हा चढवू नका. बाहेरची घाण नेमकी तिथे तोंडाला लागते. दर तासाला हात धुऊन, नीट पुसून पाच मिनिटं उघडे ठेवा. काम संपल्यावर साधं खोबरेल तेल किंवा मलम लावा, पण मोजे घालायच्या आधी नको: तेलाने लॅटेक्स सैल पडतं.

पावसाळ्यात खोक्यातले मोजे एकमेकांना चिकटतात. वापरावेत का?

टाकून द्या. आपल्याकडे वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस, बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. खोके जमिनीवर किंवा बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवले की पुठ्ठा ओल धरतो, तळाशी काळे ठिपके येतात. लॅटेक्सला ऊन, उष्णता आणि विजेच्या मोटारीतून निघणारा ओझोन तिन्ही वाईट. व्हॅक्यूम पंपाच्या शेजारी ठेवलेला खोका मी पाहिला आहे: वरचा मोजा पिवळट, बोट ताणलं की कडेला बारीक भेगांची जाळी दिसायची. लोखंडी कपाटात वरच्या फळीवर ठेवा, जुने आधी वापरा आणि मुदतीची तारीख बघा.

साइज कसा ठरवायचा?

अंगठा सोडून तळव्याचा घेर बोटांच्या मुळाशी टेपने मोजा. जितके इंच, तितका साइज. ढगळ मोजा मशीनमध्ये अडकतो, घट्ट मोजा ताणून पातळ होतो.

बारावीच्या प्रॅक्टिकलला मोजे सक्तीचे असावेत का?

पालक हे फार विचारतात. ऑक्झॅलिक आम्ल आणि पोटॅशियम परमँगनेटचं टायट्रेशन सौम्य द्रावणांचं असतं. तिथे मला मोज्यांपेक्षा डोळ्यांवरचा गॉगल जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि गोव्यातल्याच नव्हे तर सगळीकडच्याच शाळांत तो दुर्लक्षित आहे. क्षार ओळखताना तीव्र आम्लं वापरतात, तिथे ओतणाऱ्याने मोजे घालावेत. फिनॉल हाताळताना नक्की: ते त्वचा बधिर करतं, त्यामुळे भाजलेलं लगेच कळतही नाही. फिनॉलचा शिंतोडा उडाला की पातळ मोजा तत्काळ बदलायचा.

बर्नर चालू असताना मात्र पातळ मोजे काढून ठेवा. ते वितळून कातडीला चिकटतात.

मोजे घालून फोन उचलला तर काय बिघडतं?

फोन, दाराची मूठ, लिफ्टचं बटण, जर्नल, पेन: जिथे मोज्याचा हात लागला तिथे रसायन पोचलं. नंतर तिथेच दुसऱ्या कोणाचा उघडा हात लागतो. बाटली घेऊन कॉरिडॉरमधून जायचं असेल तर एकाच हातात मोजा ठेवा, दुसऱ्या उघड्या हाताने दार उघडा.

काढताना एका हाताचा मोजा मनगटाजवळ बाहेरून चिमटीत धरून उलटा ओढा, तो दुसऱ्या मुठीत धरा. मग उघडं बोट दुसऱ्या मोज्याच्या आत सरकवून तोही उलटा करा, म्हणजे पहिला त्याच्या पोटात जातो. मग साबणाने हात धुवा, मोजे घातले होते तरीही.

तापलेल्या आणि गोठलेल्या वस्तूंसाठी?

ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र, १२१ अंशांवर चालतो. त्यासाठी जाड, उष्णतारोधक आणि मुख्य म्हणजे कोरडे मोजे. ओल्या कापडातून चटका पटकन बसतो. जुन्या कपाटात भट्टीसाठीचे अ‍ॅस्बेस्टॉसचे करडे मोजे सापडले तर झटकू नका, पिशवीत बंद करून घातक कचऱ्यात द्या. द्रवरूप नायट्रोजन उणे १९६ अंशांचा: त्याचे मोजे मुद्दाम सैल असतात, आत थेंब गेला तर हात झटकून काढता यावेत म्हणून. ते घालूनही हात द्रवात बुडवायचा नाही.

हायड्रोफ्लुओरिक आम्लाबद्दल इतकी भीती का दाखवतात?

कारण ते खरंच तसं आहे. खडक आणि समुद्रातल्या गाळाचे नमुने विरघळवायला ते भूरसायनाच्या प्रयोगशाळांत लागतं. सौम्य असेल तर वेदना तासांनी सुरू होतात. तोवर फ्लुओराइड खोल जाऊन शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं आणि हृदयाची लय बिघडू शकते. जाड निओप्रीन किंवा ब्युटाइल, आत नायट्राइल, कोपरापर्यंत झाकलेलं, आणि हाताशी २.५ टक्के कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल. मुदतीतलं जेल नसेल तर त्या दिवशी बाटली उघडू नये. लागलंच तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, जेल चोळत राहा आणि रुग्णालयात जा. तिथे आम्लाचं नाव आधी सांगा.

काजूच्या कारखान्यात बायकांचे हात काळे पडतात, सोलवटतात. लॅबचे मोजे चालतील का?

हा प्रश्न प्रयोगशाळेबाहेरचा आहे, पण मला तो फार महत्त्वाचा वाटतो. काजूबीच्या टरफलात अ‍ॅनाकार्डिक आम्ल आणि कार्डॉल असलेलं तेल असतं. काजू आणि बिब्बा एकाच कुळातले, आणि बिबा उततो म्हणजे काय ते आपल्याला ठाऊक आहे. हात वाचवायला तेल किंवा राख चोळण्याची रीत जुनी आहे. नायट्राइल या तेलाला चांगलं अडवतं, पण पातळ मोजा टरफलाच्या धारेने लगेच फाटतो. म्हणून सुती विणीवर तळव्याला नायट्राइलचा थर दिलेला मोजा जास्त बरा: बोटांना बी कळते आणि तो धारेला टिकतो. किलोवर मजुरी असते तिथे मोज्याने वेग कमी होईल ही भीती बायकांना असते आणि ती खोटी नाही. मालकांनी योग्य साइजचे मोजे पुरवले आणि सवय होईपर्यंतची मजुरी धरून ठेवली तरच ते हातात राहतील.

वापरलेले मोजे कुठल्या डब्यात?

रुग्णालय किंवा पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त-नमुन्यांना लागलेले मोजे जैववैद्यकीय कचरा नियम, २०१६ प्रमाणे लाल पिशवीत. कर्करोगाच्या औषधांना लागलेले पिवळ्यात, सायटोटॉक्सिक असं लेबल लावून. घातक रसायनांनी माखलेले वेगळे, झाकणाच्या डब्यात, घातक कचरा म्हणून. एकदाच वापरायचे मोजे धुऊन पुन्हा घालायचे नाहीत. धुताना रसायन आणखी आत मुरतं.

काचसामान धुणाऱ्या मावशींना कुठले मोजे द्यावेत?

सगळ्यात वाईट मोजे बहुधा त्यांनाच मिळतात: फाटके, पुरुषी साइजचे, कोणीतरी वापरून टाकलेले. बीकरमध्ये काय उरलं आहे हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं, म्हणजे धोका त्यांना इतरांपेक्षा जास्त. भांडी त्यांच्याकडे देण्याआधी ज्याने वापरली त्याने ती एकदा विसळून द्यावी. स्वयंपाकघरातले रबरी मोजे साबणपाण्याला ठीक, द्रावकांना नाहीत. लांब मनगटाचे, आतून सुती लव असलेले, ०.३८ मिलिमीटर किंवा त्याहून जाड नायट्राइल त्यांच्या मापाचे घेऊन द्या आणि दर आठवड्याला तपासा: मनगट पिळून हवा कोंडायची, बोटं टम्म फुगली पाहिजेत, पाण्यात धरल्यावर बुडबुडा आला नाही पाहिजे. धुताना मोज्याची कड दोन बोटं बाहेर दुमडून ठेवायला सांगा. हात वर केला की ओघळणारं पाणी त्या घडीत अडतं, कोपरापर्यंत जात नाही.